अंदाजपत्रकातली होडी

रात्रीचे सव्वाबारा. ओरुरोत नळातलं पाणी गोठलंय
आणि मी प्रस्तावना या शब्दाखाली
तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहून खोडते आहे.
नमनाला घडाभर तेल नको, असं इरिआर्ते सर बजावून गेलेत,
समितीला वेळ नसतो, पहिल्याच परिच्छेदात मुद्द्यावर ये.
मुद्दा असा, की तळं नाही.
एवढंच लिहिलं तर विचारतील,
मग उरलेली अकरा पानं कशाला?

अभ्यासक्षेत्र. नकाशा जोडावा.
जोडला. सरकारी नकाशावर ते अजून निळंच आहे,
गेलेल्या माणसाचं नाव
मतदारयादीत राहून जावं तसं.
निळा रंग काढला तर नकाशा अधिकृत राहत नाही,
ठेवला तर खरा राहत नाही.
मी ठेवला.

संशोधनातील पोकळी.
इथे मात्र हात आखडत नाही.
पोकळी म्हणाल तर या टोकावरून त्या टोकाला
जीपनं अर्धा दिवस लागतो,
कडेनं मिठाची साय,
मध्ये एक चप्पल, डाव्या पायाची.
पण पोकळी म्हणजे आधीच्या अभ्यासकांनी न पाहिलेलं काही,
असं मार्गदर्शिकेत लिहिलंय, पान चार.
त्यांनी पाहिलं होतं. भरलेलं असताना पाहिलं होतं.

कार्यपद्धती.
मागच्या जूनमध्ये ताता आनास्तासियोंकडे गेले होते,
प्रश्नावली घेऊन, तेरा प्रश्न.
ते पालथ्या होडीवर बसले होते.
"तुमची पुस्तकं काय म्हणतात, कुठे गेलं ते?"
मी सांगितलं: खाणी, वळवलेल्या नद्या, तापमान,
बाष्पीभवनाचा दर.
"हे आम्ही तेव्हाच सांगत होतो. कुणी लिहून घेतलं नाही.
आता लिहायलाच आलीस
तर विचार, रात्री माझ्या हातांना काय होतं."
मी विचारलं नाही.
तेरा प्रश्नांत हातांचा प्रश्न नव्हता.

ते मग बेन्सेस्लादाबाईंनी सांगितलं,
कोकाचा चहा ओतताना, अगदी सहज,
घरात ढेकूण झालेत म्हणावं तसं:
झोपेत वल्हवतात.
मला भिंतीकडे सरकावं लागतं,
नाहीतर कोपर बसतं बरगडीत.

हे कुठल्या रकान्यात घालू?
निष्कर्ष म्हणावा तर अभ्यास अजून व्हायचाय,
गृहीतक म्हणावं तर खोटं ठरायची सोय हवी.
हे खोटं ठरायचं नाही.
बाईंची बरगडी साक्षीला आहे.

अंदाजपत्रक.
डिझेल. क्षारमापक, एक. दुभाष्याचं मानधन
(भाषा माझ्या आईची आहे,
पण रकाना रिकामा दिसला की शंका घेतात).
आणि सगळ्यात शेवटी, अनुक्रमांक एकोणीस:
होडीची डागडुजी.
गेल्या वर्षी यावर लाल शेरा आला होता,
पाण्याअभावी अनावश्यक.
शेरा बरोबरच होता. सही वळणदार होती.

मीही तातांना तेच म्हटलं होतं.
ते डांबराचा डबा खरवडत होते, तळाशी बोटभर उरलेलं.
ऊन लागलं की फळ्या तडकतात, म्हणाले,
दरवर्षी एक हात द्यावाच लागतो.
पण ताता, कशासाठी?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
पोटच्या पोरीनं परीक्षेत गटांगळी खावी तसं.
"पाणी यायचं झालं
तर मला विचारून येणार आहे का?"

खर्चाचं समर्थन, कमाल पन्नास शब्द.
मी त्यांचंच वाक्य टाकलं, अवतरणचिन्हांत,
खाली नाव, गाव, तारीख.
बाकीचे चाळीस शब्द कोरे सोडले.
इरिआर्ते सर म्हणतील, हे समर्थन नव्हे.

पहाटे चारला प्रश्नावली पुन्हा उघडली,
चौदावा प्रश्न घातला.
मग अनुक्रमांक एकोणीसवर परत आले.
डांबर महागलंय.
तीनशे बोलिव्हियानोंचे साडेतीनशे केले.