सगळ्यांचा आवाज

नारिनच्या संस्कृती-भवनात
पडद्यावरचे सगळे रशियन बोलतात
आणि मागच्या खोलीत, एका माइकसमोर,
त्या सगळ्यांचं किरगीझ मी बोलते.
राजा मीच, तिन्ही नवरदेव मीच.
बकरी तेवढी स्वतःचं स्वतः बोलते.
महिन्याला जे मिळतं त्यात कोळशाची दोन पोती येतात.

शनिवारी
राजा विचारतो, मग ठरलं?
राजकन्या म्हणते, नाही.
ती एवढंच म्हणते, म्हणून मीही एवढंच म्हटलं,
आणि भिंतीपलीकडे
दाताखाली कुरुत फुटण्याचे आवाज थांबले.
मला पडदा दिसतो, माणसं दिसत नाहीत.
माणसं मी कानांनी मोजते.

मग ती घोडीवर टांग टाकते
आणि जाते, नदी कुठून येते ते बघायला.
दिवे लागतात. सिनेमा संपला.

संपला?
टायरवाला तोक्तोसून तिकीट नाचवत दारातच उभा:
लग्न कुठंय? उरलेला सिनेमा काय बिश्केकला राहिला?
अर्धे पैसे परत कर.
त्याच्या भावाचं म्हणणं, घोडी बापाची होती, ही चोरी झाली.
मीरिमची आई म्हणाली, रंग छान होते,
आणि पोरीची टोपी कानांवर इतकी खाली ओढली
की तिला पुढचं काही ऐकू येऊ नये.
आठवीच्या मुली जिन्यावरून उतरताना
एकमेकींना काहीबाही विचारत होत्या,
दप्तर देतेस? नाही. उद्या येतेस? नाही.
आणि हसून हसून कठड्याला टेकत होत्या.
बुरुल, मागच्याच महिन्यात सून झालेली,
पांढऱ्या रुमालात, दोन नणंदांच्या मधोमध,
काहीच बोलली नाही.
तिकिटाच्या खिडकीशी बूट नीट करायला वाकली
आणि विचारलं, उद्या हाच आहे ना?

सगळ्यांत शेवटी तात्तीगुल आजी.
काठी, मग पाय, मग काठी.
म्हणाली, तीन दिवस पळवलं त्या घोडीला.
पाणी कधी पाजलं?

रात्री संचालक जोओमार्त चहा घेऊन खोलीत आले.
उद्या जिल्ह्याची माणसं येतायत, म्हणाले.
'नाही' जरा टोचतं. 'आत्ता नाही' म्हण.
एका शब्दानं काय बिघडतं?

रविवारी मी म्हटलं, आत्ता नाही.
पडद्यावर तिचं तोंड मिटलं होतं,
माझा शब्द अजून उरला होता.
आणि पुढच्या रांगांतून, काल येऊन गेलेली पोरं
एकदम ओरडली:
नाही! ती नुसतं नाही म्हणते!

माइक चालू होता. मी त्याच्यापासून तोंड वळवलं.
एकोणिसाव्या वर्षी, एका गाडीच्या मागच्या सीटवर,
मीही आत्ता नाही, आत्ता नाही म्हणत होते.
गाडीतले हसले होते.
म्हणजे नंतर हो, असं त्यांनीच एकमेकांना
समजावून सांगितलं होतं.
बकरीच्या दोन ओळी तेवढ्यात निघून गेल्या.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मोजून अकरा माणसं.
जिल्ह्यातलं कुणी नाही. जोओमार्त बाजारात.
राजानं विचारलं. मी म्हटलं, नाही.
साधंच. मीठ आहे का घरात, त्याला म्हणावं तसं.
मग ती घोडीवर बसली, डोंगर सुरू झाले,
तिथं संवाद नाहीत, नुसतं वाजत राहतं.
मी माइक जवळ ओढला
आणि तिच्या आवाजात, म्हणजे माझ्याच,
सिनेमात नसलेलं एक वाक्य टाकलं:
थांब गं, आधी तुला पाणी दाखवते.

पडद्यावर घोडी धावतच होती.
भिंतीपलीकडे, मागच्या रांगेत,
लाकडी फरशीवर काठी एकदा आपटली
आणि कुणीतरी म्हणालं,
हं.