खाजणवाडी : गाडी उशिरा

चेअरमनसाहेबांचा एकच प्रश्न,
भिंत वाकडी का?
तिन्ही बाजू काटकोनात, आणि पूर्वेचीच
अशी पोट काढून का गेली?
बिल्डर म्हणतो, सरळ केली तर नऊशे फूट वाढतात.

मी मोजणी खात्यातला. वाकड्या भिंतींची
मला एकतीस वर्षांची सवय.
बहुतेक वेळा कारण भाऊबंदकी,
कधी विहीर, कधी चिंच, कधी कुणाचं थडगं.
पण हे वळण इतकं नेमकं होतं
की भांडणातलं वाटेना.
राग असा कंपास लावून वळत नाही.

जुना नकाशा काढला, मेणकापडावरचा,
घड्यांवर विरलेला.
त्यात दोन बारीक समांतर रेघा,
आडव्या दातऱ्यांच्या,
आणि वळणावर शाईने भरलेला एक चौकोन :
खाजणवाडी. फ्लॅग स्टेशन.

चेंबूरच्या पुढे, तुर्भ्याच्या डोंगराखाली,
इथली माणसं जेव्हा 'मुंबईला जातो' म्हणून निघायची,
तेव्हा ही गाडी माणसांसाठी नव्हतीच.
गवतासाठी होती.
शहरातले सगळे घोडे, व्हिक्टोरियाचे, शर्यतीचे, पोलिसांचे,
इथल्या माळावर चरायचे
स्वतः न येता.
दसऱ्यानंतर पेंढ्यांच्या गंजी स्टेशनपेक्षा उंच.
एखादी वाघीण मिठाची.
शेवटचा एक डबा माणसांचा, त्यात आगरी बाया,
टोपल्यांत कोलीम, वालाच्या शेंगा,
आणि इनास परेरा, ज्याचं तिकीट
कुणी कधी पाहिलं नाही.

मास्तर आत्माराम तळपदे. तिरकं अक्षर, जांभळी शाई.
पॉइंट्समन हिराजी वैती,
कंदिलाची काच बायकोच्या लुगड्याच्या
एकाच तुकड्याने पुसणारा.

मग घोडे गेले.
आधी डॉक्टरांचे, मग शेठजींचे.
मोटारीला गवत लागत नाही.
गंजी उभ्या उभ्या काळ्या पडल्या.

नकाशाच्या गठ्ठ्यात, बहुधा चुकून,
स्टेशनचं रजिस्टर बांधलं गेलं होतं.
मी ते घरी नेलं. नियमात बसत नाही.

स्टेशन बंदचा हुकूम कुर्ल्याहून निघाला,
पण टपाल यायचं गाडीने
आणि गाडी त्याच हुकमाने बंद.
तेव्हा त्या सकाळी मास्तरांनी लिहिलं,
गाडी उशिरा.
दुसऱ्या दिवशी, गाडी उशिरा. वारा दक्षिणेचा.
तिसऱ्या दिवशी, गाडी उशिरा. तार लागत नाही.
पाचव्या दिवशी, एक तिकीट दिले, कुर्ला, तिसरा वर्ग.
सहाव्या दिवशी, कालचे तिकीट परत घेतले.
सातव्याला नुसता कपाचा गोल डाग.
आठव्याला, हिराजीने सिग्नल पाडला.
हटकले नाही.

अकराव्या दिवशी इनास आला,
कुर्ल्यापासून रुळांमधून चालत,
टोपीच्या आत कागद.
हुकूम पोहोचला. सही. शेजारी तेलकट अंगठा.
आणि शेवटचे दोन रकाने, जे मोकळे सोडले तरी चाललं असतं :
उशीर, अकरा दिवस.
कारण, घोडे.

रूळ भंगारात गेले. स्लीपर कुणाकुणाच्या छपराला.
खडी रस्त्याने गिळली.
मोकळ्या पट्ट्याला टेकून आधी झोपड्या,
झोपड्यांच्या कुडावर चाळ,
चाळीच्या पायावर ही सोसायटी.
एकानेही रूळ पाहिलेला नाही
आणि सगळे मागे सरकून उभे आहेत,
गाडी यायची असल्यासारखे.

काल मी भिंतीच्या कडेने साखळी धरून चाललो.
वळणाच्या मध्यावर कुणीतरी स्कूटर लावली होती,
तिच्यावर मांजर.

चेअरमनना सांगितलं, पूर्वेची हद्द रेल्वेची निघते.
ना हरकत दाखला लागेल.
कुठून? म्हणाले.
कुर्ल्याहून, म्हणालो.
किती दिवस?
आता ते टपालावर आहे.