पाच चव्वेचाळीस

गुलाब मुलाणीनं गॅरेजला रंग काढलाय.
फिका पिस्ता, दवाखान्यात असतो तसा.
ऑइल बदलून होईस्तोवर मी भिंतीपाशी उभा,
खडूचे आकडे नक्की कुठं होते ते शोधत.
"हात लावू नको," तो गाडीखालून म्हणाला,
"भित्त वली हाय."

बोगद्यापासनं यवतेश्वराच्या कमानीपर्यंत.
रात्री अकरानंतर, वरून दुधाच्या गाड्या उतरायच्या आत.
स्टॉपवॉच हेमंत शिर्केचं,
शाळेच्या क्रीडा विभागातून ढापलेलं.
पैज अर्धा किलो कंदी पेढ्यांची,
शिवाय हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची टाकी अर्धी भरायची.
ही दुसरी अट फार महाग पडायची.

कारण माझी पालिओ. एक पॉइंट सहा.
लाल, सेकंडहँड, डाव्या दारावर
कोल्हापूरच्या आधीच्या मालकानं ठेवलेला पोचा.
लिटरला नऊ द्यायची, तेही मूड असला तर.
आप्पांनी तिचं नाव पाडलं सावकारीण.
"आली का सावकारीण?" अंथरुणातूनच विचारायचे.
किती वाजलेत ते त्यांना घड्याळ सांगायचं,
मी कसा आलोय ते इंजिन.

हेमंतची झेन. सुभ्या जंगमची आठशे,
जिच्यात गुलाबनं काय काय घातलं होतं
ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वळणाला एक करंज होता.
त्याचं खोड उजेडात पांढरं झालं की ब्रेक,
काळं झालं की दुसरा गिअर,
आणि मग ती अशी चढायची
की फासळ्यांच्या आत कुणीतरी
जड कपाट सरकवतंय.
खाली सातारा, कधी या काचेत कधी त्या,
आणि अजिंक्यतारा म्हणजे
दिवे नसलेला तेवढा तुकडा.

भिंतीवर सगळ्यात वर मी. पाच बावन्न.
तीन वर्षं तो आकडा कुणी हलवला नाही.

आता सांगायला हरकत नाही.

नूतन भोईटे. हेमंतची मावसबहीण,
डी.एड.ला होती, सुट्टीत
वडलांची आल्याची पिकअप रहिमतपूरला न्यायची.
"एकदा मला द्या की," म्हणाली. आम्ही हसलो.
तिनं चपला काढल्या, माझ्या पायाशी ठेवल्या,
आणि अनवाणी पायानं क्लच दाबला.

करंजाला तिनं ब्रेक मारला नाही.
नुसता पाय उचलला,
जसा झोपलेल्या पोरावरून कुणी उचलतं.
मी डॅशबोर्ड धरून.
माझीच गाडी, आणि तिचा हा आवाज
मी कधी ऐकलेला नव्हता.

कमानीपाशी हेमंतनं मागच्या सीटवरून
आधी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बिघडलंय वाटतं," म्हणाला.
मला आकडा दिसला होता.
मी काही बोललो नाही.
नूतननं चपला घातल्या.

गेल्या महिन्यात शेंद्र्याला, सीएनजीच्या रांगेत,
पुढच्या वॅगनआरमधनं एक पिकलेला अंबाडा उतरला.
ती आता मुख्याध्यापिका आहे.
माझी गाडी तिनं चौफेर बघितली,
जी पट्टा ओलांडला की टुंऽऽग करते,
जिला क्लचच नाही.
"सावकारीण?"
"विकली. भंगारातच गेली असेल."
"किती झाले होते हो माझे, त्या रात्री?"

एकवीस वर्षं मला तो आकडा पाठ आहे,
आप्पा गेले ती तारीखही इतकी चटकन सांगता येत नाही.
"आठवत नाही," मी म्हणालो.
रांग पुढं सरकली.

गुलाब फडक्याला हात पुसत बाहेर आला
तेव्हा माझी तर्जनी पिस्ता रंगाची झाली होती,
आणि भिंतीवर, जिथं मी असायचो त्याच्या वर,
पाच चव्वेचाळीस.

कुणाचे, ते त्यानं विचारलं नाही.
ब्रश उचलला, डब्यात बुडवला,
आकड्याला वळसा घालून पुढं रंग मारायला लागला.
"लई टायम लावलास," म्हणाला.