हजार बैसा

ओमानमध्ये सुट्ट्या पैशाला बैसा म्हणतात
हे मेहरूला रुवीच्या बसस्थानकावर कळलं
आणि ती तिथेच सॅकवर टेकली.
"नाणंच म्हणतंय, बैसा. मग उभं कशाला राहायचं?"
तिवीच्या बसला अजून दीड तास होता.

दोघींत मिळून एकेचाळीस रियाल, सहा दिवस.
वही माझ्याकडे,
कारण चिपळूणच्या पतपेढीत अकरा वर्षं मी तेच करते.
इथे टिंबानंतर तीन आकडे.
काटकसर आणखी एक घर खोल लिहिता येते.

चहा ०.१००.
चिप्सचा चुरा भरलेला पराठा ०.३००, अर्धा अर्धा.
टपरीवाल्या सैनुद्दीनने आमचं मोजणं पाहिलं,
दुसरा पराठा पुढे सरकवला, म्हणाला, "कल देना."
उद्या आम्ही तिथे नसणार
हे त्यालाही माहीत होतं.
तरी मी लिहिलं: देणे.

तंबू मेहरूच्या सीबमधल्या मावसभावाचा,
एक काठी कमी. ओढणीने बांधला.
रात्री खुबुसावर मेतकूट पसरून खाल्लं,
वर बारक्या डब्यातला मासा, तेलासकट.
समोर समुद्र. मेहरू म्हणाली,
सरळ जाऊन थोडं उजवीकडे वळलं की दाभोळ,
आपण उगाच विमानाचं तिकीट काढलं.
वारा सुटला तेव्हा ओढणी फडफडत होती
आणि आम्ही एकमेकींच्या सॅका धरून झोपलो,
पासपोर्ट पोटाखाली.

वादी शाबला होडीवाला माणशी एक रियाल घेतो.
पलीकडचा काठ हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ.
दोन मिनिटांचे हजार बैसा!
मी म्हटलं, तू जा. मी सामान सांभाळते.
सामानाला कोण हात लावणार होतं तिथे?
पुलाच्या सावलीत एक शेळी आणि मी.

चार तासांनी आली. केस ओले,
गुडघ्यावर खरचटलेलं.
"कसं होतं?"
"हिरवं," एवढंच म्हणाली.
मग बाटलीचं झाकण उघडून
आतलं पाणी माझ्या पावलांवर ओतलं,
सावकाश, आधी डाव्या, मग उजव्या.
मी वहीत लिहीत होते: होडी १.०००.
शून्यं जरा पसरली.

सूरपर्यंत खमीस नावाच्या म्हाताऱ्याने नेलं,
मागे गवताचे भारे, पुढे आम्ही.
मेहरूची अरबी नमाजापुरती,
त्यात भाडं विचारता येत नाही.
उतरताना मी तीन रियाल पुढे केले
तर त्याने हात छातीवर ठेवला,
आणि खजुरांची पिशवी माझ्याच मांडीवर.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते पतपेढीत कुणी शिकवलं नव्हतं.
सूरच्या गोदीत लाकडाचा वास होता.
आम्ही बिया खिशात ठेवत चाललो.

विमानतळावर शेवटचा हिशेब.
एक रियाल जास्त.
तीनदा मोजलं. जास्तच.
ज्यांनी गल्ला सांभाळलाय त्यांना विचारा,
शिल्लक वाढली तरी झोप लागत नाही.
"मेहरू, त्या दिवशी तू होडीत बसलीस ना?"

ती सॅकवर बसली होती, रुवीसारखीच,
नखांतली वाळू काढत.
पोहून गेली असेल. तिला येतं पोहता,
वाशिष्ठीत शिकलीय.
किंवा गेलीच नसेल,
पहिल्याच वळणावर पाण्यात पाय सोडून
मी नाही म्हणून बसून राहिली असेल चार तास.
पण मग गुडघा?

"बैस की जरा," म्हणाली. "अजून वेळ आहे."

ती नोट बदलून घेतली नाही मी.
पतपेढीच्या खणात आहे, शाईच्या पॅडखाली,
मार्चअखेरीस खण आवरताना हाताला लागते.
मेहरूचा फोन येतो. दुसरंच काही बोलतो आम्ही.