मॅकरेल, सातवा आठवडा

सात आठवडे झाले, मॅकरेल फ्रीझरमध्ये आहे.
तळायचा नाही, हलवायचा नाही.
मटाराच्या पिशवीवर, शेपटी डावीकडे,
होता तस्साच ठेवायचा,
नाहीतर व्हर्ना दिवसभर बोलत नाही.

रोज नऊला ती त्याला बाहेर काढते,
खिडकीतल्या पांढऱ्या बशीत ठेवते
आणि वीस मिनिटं नुसती बघते.
मग मासा आत, आणि ती कामाला.
काम हा तिचा शब्द.
जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच.
मी सूप मांडीवर घेऊन पितो.

इथं लूननबर्गात या वयाच्या बायका
गोधड्या शिवतात, चर्चच्या विक्रीला जॅम करतात.
शेजारची बर्निस म्हणाली, "बरं झालं गं,
वेळ जायला काहीतरी हवंच."
"जायला?" व्हर्ना म्हणाली. "पुरत नाहीये."

एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात हॅडक कापत होती,
मिनिटाला सहा.
बर्फाच्या पाण्यानं अंगठा असा आखडला
की अजून बरणीचं झाकण मीच उघडतो.
त्याच अंगठ्यात आता पेन्सिल,
इतकी सैल, की पेन्सिललाही कळू नये धरलंय ते.
"तेव्हा मासा एकदाही पाहिला नाही मी," परवा म्हणाली.
"काटा कुठं असतो एवढंच माहीत."

मी गोदीत बोटी रंगवल्या.
चार इंची ब्रश, डबाभर लाल,
सकाळी एक हात, दुपारी दुसरा,
संध्याकाळी घरी.
तिच्या कल्ल्याला चौदा हात झालेत
आणि अजून कागदच दिसतो.
फिकट जांभळा. त्यावर शेवाळी.
त्यावर पुन्हा जांभळा, जो मघाशी होताच.
मी काही बोलत नाही.
बोटीचं तरी मी कधी कुणाला बोलू दिलं?

पांढरा नंतर देता येत नाही, म्हणते.
उजेड जिथं हवा
तिथं पहिल्या दिवसापासून हात लावायचा नाही.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर,
असं मनात आलं,
आणि मी उठून कचरा बाहेर ठेवून आलो.

हॅडकचं चित्र मार्चमध्ये हॅलिफॅक्सहून परत आलं.
सोबत पत्र, फार सभ्य.
तिनं ते दोनदा वाचलं,
पाठकोऱ्या बाजूवर सहा हिरवे घासून पाहिले,
तिसरा बरा निघाला.
मी तांब्याची नळी कापून तिला धरणी करून दिली,
बोटभर उरलेल्या पेन्सिलींसाठी.
त्याबद्दल ती काही म्हणाली नाही.
वापरते.

मी विचारलं होतं, डब्यात चंदेरी होती, तिचं काय?
ती नातीला दिली.
"मासा चंदेरी नसतो, ऑरिन.
समोर जे असेल ते त्याच्या अंगावर येतं.
आभाळ, बशी, तुझा स्वेटर."

माझा स्वेटर पिवळा आहे. कोपराला विरलेला.
त्या दिवसापासून नऊ वाजता
मी कॉफी घेऊन खिडकीपाशीच उभा राहतो.
ती म्हणत नाही, सरक.
धुवायला टाक असंही म्हणत नाही आताशा,
आणि मीही टाकत नाही.

काल ती डोळ्यांत थेंब घालून आडवी झाली
तेव्हा मी भिंग घेतलं.
पोटाखाली, जिथं सगळं कोरं सोडलंय,
तिथं एक पिवळी रेघ आहे,
केसापेक्षा बारीक,
कल्ल्यापासून अर्ध्या पोटापर्यंत.
पुढं नाही. पुढं बशी आहे.

भिंग जागेवर ठेवलं.
फ्रीझर उघडून बघितला, उगाच.
शेपटी डावीकडे.
रात्री आम्ही अंडी खाल्ली.