बीटच्या हंगामातली कुरकुर

मी सहा ते सहा, तो बारा ते बारा.
अठ्ठावीस फुटांच्या ट्रेलरमध्ये
आमची भेट होते मध्यरात्री ते पहाटे पाच,
तीही झोपेत.

नॉर्थ डकोटात बीट असंच काढतात,
जमीन दगड व्हायच्या आत, न थांबता.
ढीग शाळेच्या इमारतीएवढा होतो
आणि आम्ही पासष्टीची माणसं
पिवळी जाकिटं चढवून ट्रकांना हात दाखवतो:
ये, थांब, ओत, जा.

ट्रेलरची जमीन आमच्याहून तरुण,
पण कुरकुर तिचीच जास्त.
सिंकपाशी एक, दारातून आत येताच दोन,
फ्रीजसमोर एक लांबलचक,
कुणी जुनी पेटी उघडावी तशी.
मी सगळं पाठ केलंय:
डावा पाय कपाटाला घासून,
उजवा थेट पायपुसण्यावर,
मधला पट्टा श्वास धरून ओलांडायचा.
ऑरिनही रात्री तसाच येतो.
बेचाळीस वर्षांचा संसार
आणि दोघंही चोरपावलांनी.

मंगळवारी अवचित ऊन चढलं.
गरम बीट ढिगात सडतं, म्हणून काम बंद.
ऑरिनने सुरीने लिनोलियमचा कोपरा उचलला.
शेजारच्या गाडीतली लव्हर्न ड्रिल घेऊन हजर,
बोलावलं नव्हतं तरी.

"चाल," ती मला म्हणाली. "वजन टाकून चाल."
मला जमेना.
पाय आपोआप मुक्या जागा शोधत होते.
"अगं, आजारी माणूस निजलाय का घरात?"
मग चालले.
टाचा आपटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
या घरात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने.
जमीन किंचाळली
आणि लव्हर्न रांगत माझ्यामागून
खडूने फुल्या मारत गेली.

अकरा.

उघडून पाहिलं तर फार काही नव्हतं.
कारखान्यात घाईने ठोकलेल्या पिना सैल झालेल्या,
प्लायवूड खालच्या पट्टीपासून नखभर सुटलेलं,
पाऊल पडलं की खाली टेकायचं,
पाऊल उचललं की वर यायचं, घासत.
एवढंच.
मॉन्टानाचे घाट, टेक्सासचे हिवाळे,
इतके हादरे खाऊन
नखभर अंतर.

स्क्रू सव्वा इंची. ऑरिनने तीनदा बजावलं.
दीड इंची गेला तर खाली सांडपाण्याची टाकी,
मग बसा रडत, की कुरकुरच बरी होती.
फटींमध्ये टाल्कम पावडर,
लव्हर्नच्या अंघोळीची, लॅव्हेंडरची.
ड्रिल घरघरलं, थांबलं, घरघरलं.
मी नुसते स्क्रू हातात देत होते,
एक एक मोजून, कानातले द्यावेत तसे.

दिवेलागणीला अकराही फुल्या पुसल्या.
ऑरिन उठला, ऐटीत चालून दाखवायला,
आणि फ्रीजपाशी
कुर्र.

पुन्हा सुरी, पुन्हा टॉर्च.
लव्हर्नने पालथं पडून जमिनीला कान लावला.
"चाल. आता थांब. आता खाली वाक."
कुर्र.
तिने कान उचलला, हळूहळू वर नेला:
बूट, नडगी,
आणि तिथेच थांबली.
"ऑरिन," ती म्हणाली,
"हा तुझा गुडघा आहे.
याला सव्वा इंची पुरायचा नाही."
आम्ही इतके हसलो
की ट्रेलर त्याच्या जॅकांवर डुलला
आणि तरीही जमीन काही बोलली नाही.

बुधवारी थंडी परतली, ट्रक परतले.
रात्री बाराला दार उघडल्याचं मला कळलं ते गार वाऱ्याने.
पुढे काहीच नाही.
तो आत आला की नाही, कोण जाणे.
सवयीने कान त्या लांब कुरकुरीची वाट बघत राहिले,
मला क्षणभर भीतीही वाटली.

मग पलंगाशी, अगदी जवळ,
बूट काढायला तो वाकला:
कुर्र.

मी डोळे न उघडता
भिंतीकडे सरकले.