तेरावा दात

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीमागं,
रव्यांच्या थप्पीआड ती सापडली.
चौपन्न सालची कॉर्व्हेट.
दिव्यांवर जाळ्या, बैलाला मुसकं घालावं तशा.
तोंडात जागा तेरा दातांची, दात बारा.
आणि मुंग्या.
दार उघडलं तर त्यांनी आमच्याकडं बघितलं,
जुन्या भाडेकरूनं नव्या मालकाकडं बघावं तसं.

दिलावर शिकलगारनं मडगार्डवर टिचकी मारली
आणि काढलेली हातोडी परत पिशवीत ठेवली.
"पत्राच न्हाई ह्यो. मी ठोकू काय?"
काचेच्या धाग्यांचं अंग, वर राळ.
चाळीस वर्षं उद्यमनगरात ट्रकच्या केबिनी सरळ करणारा माणूस
त्या दिवशी चहा न पिता घरी गेला.

बापट कॅम्पातून यल्लाप्पा कुंभार आला.
गणपतीचे साचे फायबरमध्ये काढणारा.
फाटक्या कडेवरून त्यानं डोळे मिटून हात फिरवला.
म्हणाला, "सोंडेचं वळण हाय. जमंल."

तीन वर्षं गेली.
तीन कार्बोरेटर, एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं.
बुश मी केले, माझ्या लेथवर.
दात अमेरिकेहून मागवावा तर
लेथपेक्षा महाग.
मग शेजारच्या दाताचा ठसा वाळूत घेतला,
नळांच्या पितळेतलं थोडं रात्री त्यात ओतलं.
दिलावरनं तो कानशीनं घासला, आठ दिवस,
ठोकायचं राहिलेलं सगळं त्यात घालून.
हुपरीच्या पोरानं पैंजणाचा झळाळा दिला.
मागच्या अंगाला, दिसणार नाही असा,
मी पंच मारला: को.

पहिली चक्कर रंकाळ्याला.
स्टेअरिंग डावीकडं, मी उजवीकडं, हात मांडीवर.
भेळवाला ओरडला,
"मामा, चाक कुठं हरवलं?"

मुंबईचे खंबाटासाहेब भिंग घेऊन आले.
गुडघे टेकून, नखानं एकेक दात वाजवत गेले.
टक. टक. टक.
तेराव्याला टण्.
वहीत लिहिलं: नकली.
जेवढे पैसे कापले तेवढ्यात
जुनं बोरिंग मशीन येतं.
दिलावर म्हणाला, "नकली कसा?
बाकीचे बारा मशीनीतनं आल्यात.
ह्योच तेवढा..."
आणि पुढचं बोलला नाही, पान जमवत बसला.

ट्रकवर चढवताना तिचं तोंड आमच्याकडं होतं.
आम्हाला एकच दात दिसत होता.

चैत्रात फोन आला.
इंजिन तापलं की डॅशबोर्डमागून मुंग्यांची रांग निघते.
तीनदा औषध मारलं. परत येतात.
मी म्हटलं, साहेब, आत कुठंतरी गूळ असेल अजून.
आणि त्या ओरिजिनल आहेत.

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच, कुणी ऐकू नये असं,
"त्यांना घालायचं काय असतं?"